१०० जीच्या स्विचवर १० जीची मशीनं: क्यूएसए ॲडॅप्टर पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

आमचं ऑफिस नकाशांचं काम करतं. ड्रोनने आणि उपग्रहांनी टिपलेली चित्रं येतात, ती जोडायची, शिवारांच्या हद्दी काढायच्या, पुन्हा तपासायच्या. नागपुरात या कामातली मंडळी बरीच आहेत. एमआरसॅक या राज्याच्या दूरसंवेदन केंद्राचं कार्यालय तर व्हीएनआयटीच्या आवारातच आहे. फायली एवढ्या मोठ्या की १ जीच्या (सेकंदाला १ गिगाबिट) नेटवर्कवर एका गावाची चित्रं इकडून तिकडे न्यायला जेवणाची सुट्टी पुरत नसे. म्हणून गेल्या वर्षी एका डेटा सेंटरमधून निघालेला १०० जीचा स्विच, म्हणजे मशीनं एकमेकांना जोडणारा डबा, घेतला. ३२ पोर्ट, सगळे क्यूएसएफपी२८ या रुंद जातीचे. पण १०० जीची कार्डं होती फक्त स्टोरेजच्या दोन मशीनांना. बाकी नऊ सर्व्हर १० जीचे, जीपीयूचं नवं मशीन २५ जीचं, बॅकअपचं जुनं मशीन १० जीचंच पण तांब्याच्या केबलवरचं, आणि इंटरनेटची जोडणी १ जीची.

म्हणजे बारा जोडण्या अशा, की त्यांचं मॉड्यूल (केबलच्या टोकाचा, पोर्टात घालायचा तुकडा) स्विचच्या पोर्टात बसतच नाही. मी त्याच संध्याकाळी बारा क्यूएसए ॲडॅप्टर मागवले, म्हणजे रुंद पोर्टात अरुंद मॉड्यूल बसवणारे तुकडे. आले, लावले, सात चालले, पाच चालले नाहीत. त्या पाचांमागे तीन वेगळी कारणं निघाली, आणि चाललेल्या सातांतली एक जोडणी मे महिन्यात बंद पडली. हे सगळं उलगडण्यात माझे कित्येक दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून क्रमाने लिहिते आहे.

## आधी हे डोक्यात पक्कं करा

क्यूएसएफपी पोर्टात चार लेन, म्हणजे डेटाच्या चार स्वतंत्र वाटा असतात. ४० जीच्या क्यूएसएफपी प्लसमध्ये प्रत्येक लेन १० जीची, १०० जीच्या क्यूएसएफपी२८ मध्ये २५ जीची. एसएफपी या अरुंद मॉड्यूलांच्या घराण्यात लेन एकच: साधा एसएफपी १ जी, एसएफपी प्लस १० जी, एसएफपी२८ २५ जी. क्यूएसएफपी मॉड्यूलच्या मागच्या कडेला ३८ संपर्क-पट्ट्या असतात, एसएफपीच्या कडेला २०. रुंदीही वेगळी.

ॲडॅप्टर म्हणजे या दोघांच्या मधला धातूचा छोटा डबा. मागून तो क्यूएसएफपीसारखा दिसतो, पुढून त्याला एसएफपीची खोबण असते. आत तो पोर्टाची पहिली लेन एसएफपीला जोडतो, वीज पोचवतो आणि मॉड्यूलची माहिती वाचण्याच्या तारा पुढे नेतो. उरलेल्या तीन लेन कशालाच जोडलेल्या नसतात. चौपदरी रस्त्याचा एकच पदर चालू ठेवावा तसं.

तो वेग बदलत नाही, हे नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. १०० जी घेऊन १० जी बाहेर देणारी कुठलीही चिप त्या डब्यात नसते. स्विचने स्वतः आपल्या पोर्टाची पहिली लेन १० जीवर चालवायला हवी. म्हणून जोडणी चालायची तर चौघांचं जमावं लागतं: पोर्ट, ॲडॅप्टर, मॉड्यूल आणि समोरचं टोक. यांतल्या एकाचंही बिनसलं तर लाइट लागत नाही, आणि कोणाचं बिनसलं हे स्विच सरळ सांगत नाही.

आणखी एक. एसएफपी प्लसचं मॉड्यूल एसएफपी२८ च्या पोर्टात ॲडॅप्टरशिवाय जातं. ४० जीचं मॉड्यूलही क्यूएसएफपी२८ च्या पोर्टात थेट बसतं, स्विचला तो वेग मान्य असेल तर चालतंही. ॲडॅप्टर लागतो तो फक्त एसएफपी घराण्यातलं मॉड्यूल क्यूएसएफपीच्या पोर्टात घालायचं असेल तेव्हा. बरेच जण हे न पाहता जास्तीचे ॲडॅप्टर घेऊन बसतात.

## जवळ काय काय हवं

- स्विचच्या नेमक्या मॉडेलचं हार्डवेअर पुस्तक. त्यातला पोर्ट-विभागणीचा तक्ता छापून घ्या
- स्विचवरच्या प्रणालीची आवृत्ती, आणि त्याच आवृत्तीच्या रिलीज नोट्स
- चालणाऱ्या मॉड्यूल-केबलांची कंपनीची यादी
- कन्सोल केबल आणि लॅपटॉप, यूएसबी-सिरियल तुकड्यासकट
- नक्की चालणारी एक डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल पक्की जोडलेली तांब्याची केबल) आणि एकाच जातीची दोन फायबर मॉड्यूलं, फक्त तपासणीसाठी
- फायबरची टोकं पुसायचा पेन-क्लीनर
- लेबलाची टेप
- जीएसटी बिल आणि परत घेण्याची लेखी मुदत

शेवटचं सहज लिहिलेलं नाही. माझ्याकडे आलेल्या ॲडॅप्टरांपैकी एक २५ जीचा म्हणून विकला होता आणि निघाला १० जीचा. बिलावर स्पष्ट लिहिलेलं होतं म्हणूनच बदलून मिळाला.

जुना माल घेत असाल तर कागदपत्रं शोधताना कंपनीची मालकी बदलली आहे का ते पाहा. मेलॅनॉक्स ही कंपनी २०२० मध्ये एनव्हिडियाने घेतली, त्यामुळे मेलॅनॉक्सच्या स्विचांची पुस्तकं आता एनव्हिडियाच्या नावाखाली शोधावी लागतात. क्यूएसए हे नावही मेलॅनॉक्सने रुळवलेलं. सिस्कोकडे हाच प्रकार सीव्हीआरने सुरू होणाऱ्या नावाने मिळतो.

## १. आधी स्विचचं पुस्तक, मग दुकान

मी उलटं केलं होतं. सीताबर्डीला विचारा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारा, दिल्लीच्या नेहरू प्लेसला विचारा, उत्तर एकच मिळतं: "चालतं ना, सगळ्यात चालतं." ॲडॅप्टर पोर्टात बसतो, एवढंच त्यांना म्हणायचं असतं.

पुस्तकात तीन गोष्टी शोधा.

पहिली, पोर्ट कोणकोणते वेग घेतो. "१०० जी, ४० जी" एवढंच लिहिलेलं असेल तर थांबा. एका लेनवर १० जी किंवा २५ जी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जुन्या ४० जीच्या काही स्विचांत चारही लेन एकत्रच चालतात, सुट्या होत नाहीत. तिथे ॲडॅप्टर कितीही चांगला घ्या, उपयोग नाही. १ जी हवं असेल तर ते वेगळं तपासा. १० जी चालतं म्हणून १ जी चालेलच असं नाही.

दुसरी, हे सगळ्या पोर्टांना लागू आहे की काहींनाच. काही स्विचांत शेजारच्या पोर्टांचा गट असतो आणि गटातल्या सगळ्यांना एकच वेग ठेवावा लागतो. एक पोर्ट १० जीवर आणलं की शेजारचं चालू १०० जी पडतं. दुपारी भर कामात असं झालं की सगळं ऑफिस तुमच्या टेबलाभोवती जमतं.

तिसरी, वेग कमी करण्याची रीत. काही प्रणालींत पोर्टाला नुसता वेग सांगितला की झालं. काहींत आधी पोर्ट चारात फोडावं लागतं, मग ॲडॅप्टर पहिल्या उपपोर्टावर उठतो आणि उरलेले तीन उपपोर्ट रिकामे दिसत राहतात. ते बंद दिसले म्हणून घाबरू नका, त्यांच्या लेन कुठे जोडलेल्याच नाहीत.

## २. ॲडॅप्टर की फोडणारी केबल?

१० जीची मशीनं एकाच रॅकमध्ये, जवळजवळ असतील तर आधी ब्रेकआउट केबलचा विचार करा. एका टोकाला क्यूएसएफपी, दुसऱ्या टोकाला चार एसएफपी. एका पोर्टातून चार जोडण्या निघतात, ॲडॅप्टरने एकच निघते.

मग मी ॲडॅप्टर का घेतले? आमचे सर्व्हर दोन खोल्यांत विभागलेले आहेत, मधे भिंत आणि पंचवीसेक मीटरचं अंतर. तांब्याची ब्रेकआउट केबल तिथे पोचत नाही. २५ जीला तर अशी केबल साधारण ३ मीटरपर्यंतच धरायची, एफईसी (चुका दुरुस्तीची सोय, सातव्या टप्प्यात येईल) लावून फार तर ५. फायबरवर फोडायचं तर एमपीओ कनेक्टरची बारा तंतूंची केबल लागते, त्यांतले आठ तंतू वापरात येतात. त्या केबलची पोलॅरिटी, म्हणजे कुठला तंतू पाठवणारा आणि कुठला घेणारा, हे जमवणं हा स्वतंत्र अभ्यास आहे. भिंतीतून आधीच दोन-दोन तंतूंच्या एलसी केबली टाकलेल्या होत्या. त्यांना ॲडॅप्टर आणि साधं एसआर (कमी अंतराचं फायबर) मॉड्यूल हाच सोपा मार्ग होता. आणि ३२ पैकी अर्ध्याहून जास्त पोर्ट रिकामे असताना लेन वाया जाण्याचं दुःख मला नव्हतं.

फोडण्यातला एक सापळा सांगते. उदाहरणार्थ मेलॅनॉक्सच्या एसएन२७०० मध्ये वरच्या ओळीतलं पोर्ट चारात फोडलं की त्याच्या बरोबर खालचं पोर्ट बंद होतं. कारण आतली चिप एका ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्वतंत्र पोर्ट चालवू शकत नाही. पोर्ट न फोडता, नुसता वेग सांगून ॲडॅप्टर चालवला तर हा प्रश्न येत नाही, पण एकाच स्विचवर दोन्ही लावणार असाल तर कुठे काय हे आधी कागदावर आखा.

## ३. ॲडॅप्टर कुठला घ्यायचा

१० जीचा आणि २५ जीचा ॲडॅप्टर दिसायला सारखेच. फरक आतल्या पट्ट्यांच्या बनावटीचा. १० जीची लेन सेकंदाला १०.३१२५ अब्ज संकेत नेते, २५ जीची २५.७८१२५ अब्ज. १० जीसाठी बनवलेल्या डब्यातून २५ जीचा संकेत जाताना इतका खराब होतो की लिंक उठतच नाही, किंवा उठते आणि चुकांचा आकडा पळत सुटतो. २५ जीसाठी बनवलेला १० जीला सहसा चालतो. म्हणून पैशांत फार फरक नसेल तर सगळे २५ जीचेच घ्या. पुढे सर्व्हर बदलले तरी हेच कामी येतील.

सर्व्हरच्या बाजूलाही हाच प्रश्न येऊ शकतो. सर्व्हरला क्यूएसएफपीचं कार्ड आणि स्विच मात्र १० जीचा, अशा वेळी ॲडॅप्टर कार्डात लागतो. मेलॅनॉक्सच्या कनेक्टएक्स कार्डांत हे रोज चालतं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर त्याच्या पुस्तकात ॲडॅप्टरचा उल्लेख सापडल्याशिवाय पैसे देऊ नका.

## ४. मॉड्यूल आणि केबल

जवळच्या अंतराला डॅक केबल सगळ्यात बरी: स्वस्त, आणि स्वतः जवळपास वीजच खात नाही. खोलीबाहेर जायचं तर फायबर. १० जीचं एसआर मॉड्यूल ओएम३ (मल्टिमोडची एक जात) फायबरवर ३०० मीटर जातं, पण २५ जीचं एसआर त्याच फायबरवर ७० मीटरच. उद्या वेग वाढवायचा विचार असेल तर हा आकडा आज धरून चला. इमारतीबाहेर जायचं असेल तर सिंगल मोड फायबर आणि एलआर (लांब पल्ल्याचं) मॉड्यूल, १० किलोमीटरपर्यंत.

आरजे४५ चं (नेहमीच्या तांब्याच्या नेटवर्क केबलचं) १० जी मॉड्यूल शक्य असेल तर टाळा. का ते नवव्या टप्प्यात येईल.

काही स्विच दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल दिसलं की पोर्ट बंद ठेवतात. ॲडॅप्टर लावल्यावर हा नकार ॲडॅप्टरसाठी आहे की मॉड्यूलसाठी हे कळणं अवघड होतं, म्हणून लॉगमधली नेमकी ओळ वाचा. सिस्कोवर अशी मॉड्यूलं चालवू देणारी आज्ञा असते. ती दिली तर त्या मॉड्यूलसाठी कंपनीकडून मदत मिळेलच असं धरून चालू नका.

## ५. बसवणं

आधी ॲडॅप्टर पोर्टात, मग मॉड्यूल ॲडॅप्टरमध्ये, शेवटी केबल. काढताना उलट क्रम. मॉड्यूलला धरून सगळं एकदम ओढलं की ॲडॅप्टर तिरका निघतो आणि पोर्टातल्या पट्ट्यांवर ताण येतो.

खालच्या ओळीकडे लक्ष द्या. कितीतरी स्विचांत खालच्या ओळीची पोर्टं वरच्याच्या उलट असतात, म्हणजे तिथे ॲडॅप्टर पालथा जातो. सहज जात नसेल तर जोर लावू नका, बाहेर काढून फिरवून पाहा. नीट बसला की "टक्" असा बारीक आवाज येतो आणि हलकं ओढून पाहिलं तर हलत नाही. आमच्याकडे एक ॲडॅप्टर पाऊण बसलेला होता. स्विचला मॉड्यूल दिसत होतं, नाव-नंबर सगळं येत होतं, लिंक नव्हती. बोटाने दाबला आणि लाइट लागला.

फायबरचं टोक प्रत्येक वेळी पुसा, नव्या पाकिटातून काढलेलं असलं तरी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खिडकी अर्धा तास उघडी राहिली तर टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं, आणि फायबरच्या गाभ्यापुढे धुळीचा एक कणही मोठा असतो.

## ६. वेग स्वतः ठरवून द्या

माझ्या पाच बंद जोडण्यांपैकी तीन इथल्या. सहा सर्व्हर फायबरवर होते, ते लावल्याबरोबर उठले, कारण स्विचने मॉड्यूलची माहिती वाचून वेग ओळखला. तीन सर्व्हर डॅक केबलवर होते. ते उठेनात.

आमच्याकडे शिकायला आलेला मुलगा केबल हातात धरून उभा. "ताई, दोन्हीकडे लाइटच नाही लागून राहिला. केबल खराब असंल."

तिन्ही केबली एकदम खराब असणं कठीण होतं. कारण असं निघालं. १०० जीच्या पोर्टावर ऑटोनिगोशिएशन चालू होतं, म्हणजे तांब्याची केबल दिसली की पोर्ट समोरच्याशी वेग ठरवायला बोलणी सुरू करतं. १० जीच्या डॅक केबलवर अशी बोलणी होतच नाहीत. सर्व्हरचं कार्ड सरळ १० जीवर तयार बसलेलं, आणि स्विच विचारत बसलेला.

उपाय दोन ओळींचा: पोर्टाचा वेग १० जी असा पक्का करा, ऑटोनिगोशिएशन बंद करा. बदल जतन करायला विसरू नका. वीज जाऊन आली की जतन न केलेलं सगळं पुसलं जातं.

मी तेवढ्यावर थांबले नाही. चालतंय म्हणून बाराही पोर्टांवर ऑटोनिगोशिएशन बंद करून टाकलं, इंटरनेटच्या पोर्टावरही. ती चूक होती. १ जीच्या फायबरवर हा प्रकार वेगळा आहे: तिथे बोलणी ठरलेलीच आहेत, आणि दोन्ही टोकांनी ती एक तर करायची, नाही तर दोघांनीही करायची नाही. एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला चालू असलं की बंदवाल्याला लिंक उठलेली दिसते आणि चालूवाल्याला पडलेली. दोन दिवस मी इंटरनेट कंपनीला फोनवर सांगत होते की आमच्याकडे हिरवा लाइट आहे, आणि पलीकडचा माणूस सांगत होता की त्यांच्याकडे काहीच नाही. दोघंही खरं बोलत होतो. त्या एका पोर्टावर वेग १ जी आणि ऑटोनिगोशिएशन चालू केलं, आणि ही चौथी जोडणी झाली.

म्हणून लक्षात ठेवा: १० जीच्या फायबरला आणि डॅकला बंद, १ जीच्या फायबरला समोरच्याला विचारून, सहसा चालू. २५ जीच्या डॅकवर दोन्ही टोकांना बोलणी येत असतील तर चालू, नाही तर दोन्हीकडे बंद.

## ७. २५ जी असेल तर एफईसी पाहा

उरलेली पाचवी जोडणी जीपीयू मशीनची. चुकीचा ॲडॅप्टर बदलून आला तरी लिंक उठेना.

२५ जीवर संकेत इतका नाजूक होतो की वाटेतल्या चुका दुरुस्त करायला पाठवतानाच जादा बिट्स जोडतात. त्यालाच एफईसी म्हणतात. २५ जीला तीन पर्याय असतात: आरएस, बेस-आर ज्याला फायरकोडही म्हणतात, आणि काहीच नाही. दोन्ही टोकांना एकच पर्याय हवा. आमच्या स्विचने आरएस धरला होता, सर्व्हरच्या कार्डाने बेस-आर. दोन्हीकडे वेग २५ जी दिसतो, मॉड्यूल दिसतं, प्रकाश येतो, आणि लिंक मात्र नाही. सर्व्हरवर इथटूल (नेटवर्क कार्डाच्या सेटिंगची लिनक्स आज्ञा) वापरून कार्डालाही आरएस सांगितला, तेव्हा उठली. २५ जीच्या एसआर मॉड्यूलला आणि लांब डॅकला आरएस ठेवा. १० जीला या फंदात पडायची गरज नाही.

## ८. लिंक उठली, आता डेटा जातो का ते पाहा

हिरवा लाइट लागला म्हणजे काम झालं असं समजू नका. तीन तपासण्या करा.

मॉड्यूलची माहिती वाचा. इथटूलने किंवा स्विचच्या ट्रान्सीव्हर दाखवणाऱ्या आज्ञेने ओळखीचा पहिला बाइट (हेक्समध्ये) पाहा. ०३ आला तर ॲडॅप्टरमधून आतलं एसएफपी थेट वाचलं जातंय. ११ आला तर स्विचला अजून क्यूएसएफपी२८ च दिसतंय आणि तो चारही लेनची अपेक्षा करत असण्याची शक्यता आहे. तिथेच प्रकाशाची पातळीही दिसते. १० जी एसआरला आत येणारा प्रकाश उणे ९.९ डीबीएमच्या खाली गेला तर फायबर पुसा, नंतर बदला.

आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनाने दहा-पंधरा मिनिटं दोन्ही दिशांनी डेटा पाठवा आणि सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, आकडा पाहत राहा. शून्यावर राहायला हवा.

तिसरी तपासणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १०० जीचं स्टोरेज आता १० जीच्या मशीनला फाइल पाठवणार. स्विचमध्ये सेकंदाला १०० गिगाबिट येतात, १० बाहेर जातात, उरलेले ९० बफरमध्ये साठतात. एसएन२७०० चा सगळा बफर १६ मेगाबाइटचा, म्हणजे १२८ मेगाबिट. पूर्ण बफर एकाच पोर्टाला दिला तरी तो सुमारे १.४ मिलिसेकंदात भरतो. त्यानंतर पॅकेट टाकली जातात. टीसीपी ती पुन्हा पाठवते, फाइल पोचतेही, पण वेग अधूनमधून कोसळतो आणि लोक म्हणतात नवा स्विच जुन्यापेक्षा हळू आहे.

म्हणून १० जीच्या पोर्टावरचा बाहेर जाताना टाकलेल्या पॅकेटांचा आकडा खरं काम चालू असताना पाहा. तो वाढत असेल तर ॲडॅप्टर बदलत बसू नका, त्याचा यात संबंध नाही. एकाच वेळी किती मशीनं स्टोरेजवरून ओढतात ते आवरा, पाठवणाऱ्या मशीनवर वेगाला लगाम घाला, किंवा फ्लो कंट्रोल (साठा भरत आला की पाठवणाऱ्याला थांब सांगणं) दोन्हीकडे समजून-उमजून चालू करा. आम्ही स्टोरेजवरच प्रत्येक सर्व्हरसाठी वेगाची मर्यादा लावली आणि आकडा थांबला.

## ९. नवतपा लागायच्या आत उष्णतेचं पाहा

बॅकअपच्या मशीनला आरजे४५ चं १० जी मॉड्यूल होतं. हिवाळ्यात लावलं तेव्हा उत्तम चाललं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रोज दुपारी अडीच-तीनला लिंक पडायची आणि रात्री आपोआप उठायची. बाहेर पारा ४५ च्या पुढे.

मॉड्यूलचं तापमान वाचलं तर ६९ अंश. साध्या दर्जाची मॉड्यूलं ७० पर्यंतच धरलेली असतात. एसएफपी प्लसचा पोर्ट साधारण दीड वॅटच्या हिशेबाने बनवलेला, आणि आरजे४५ चं १० जी मॉड्यूल अडीच वॅटच्या आसपास खातं. त्यात ते ॲडॅप्टरच्या डब्यात, म्हणजे धातूत धातू, मधे हवेची फट.

मग हवेची दिशा पाहिली. जुन्या स्विचांत पंखे दोन प्रकारचे मिळतात: काही पोर्टाकडून हवा ओढतात आणि मागे सोडतात, काही मागून ओढून पोर्टाकडे सोडतात. आमचा दुसऱ्या प्रकारचा निघाला. स्विचच्या पोटातून तापून आलेली हवा थेट मॉड्यूलांवर. स्विच घेताना पंख्यांची दिशा विचारा. पोर्टासमोर तळहात धरला तरी कळतं, वारा लागला तर दिशा तुमच्या मॉड्यूलांना जड जाणार आहे.

सर्व्हरच्या खोलीचा एसी बसला म्हणून कोणी दारात कूलर आणून लावला तर लगेच बंद करा. घरी वाळ्याच्या टट्ट्यांनी जीव शांत होतो, पण कूलर खोलीत ओलावा भरतो, आणि धूळ आणि ओलावा मिळून संपर्क-पट्ट्यांवर थर बसतो. त्यापेक्षा दार उघडून साधा पंखा लावा आणि गरज नसलेली मशीनं बंद करा.

आम्ही बॅकअपच्या मशीनला फायबरचं कार्ड घातलं आणि आरजे४५ चं मॉड्यूल काढून टाकलं. तुम्हाला ते ठेवावंच लागलं तर कडेच्या पोर्टात ठेवा, शेजारचं आणि वरचं-खालचं पोर्ट रिकामं सोडा, आणि मार्च संपायच्या आत एकदा भर दुपारी तापमान वाचा.

## १०. तरीही उठत नसेल तर या क्रमाने जा

१. ॲडॅप्टर आणि मॉड्यूल काढून पुन्हा बसवा, "टक्" ऐका.
२. स्विचला मॉड्यूल दिसतं का? नसेल तर तेच मॉड्यूल आणि ॲडॅप्टर चालत्या पोर्टात लावा. तिथे चाललं तर दोष पोर्टाचा किंवा त्याच्या विभागणीचा.
३. दोन्ही टोकांचा वेग, ऑटोनिगोशिएशन आणि २५ जी असेल तर एफईसी एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. पडद्यावर पाहून डोळा फसतो, कागदावर फरक लगेच दिसतो.
४. प्रकाशाची पातळी. येणारा प्रकाश शून्य असेल तर दोन तंतूंची अदलाबदल करून पाहा.
५. फायबर काढून तपासणीची डॅक लावा. डॅकवर उठलं तर दोष फायबरचा किंवा मॉड्यूलचा.
६. त्याच ॲडॅप्टरच्या जागी दुसरा लावा. हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, पण एवढ्या दिवसांत माझ्या हाती बिघडलेला म्हणून निघालेला ॲडॅप्टर एकही नाही. चुकीचा निघालेला एकच, तो २५ जीच्या नावाने आलेला.

उठल्यावर पोर्टाशेजारी टेप लावा: कुठलं मशीन, वेग, ऑटोनिगोशिएशन चालू की बंद, ॲडॅप्टर १० जीचा की २५ जीचा. शेवटचं ॲडॅप्टरच्या पुढच्या कडेवरही लिहा, कारण एकदा आत गेला की छापलेला नंबर दिसत नाही. आमच्या रॅकच्या दाराला आतून एक पाकीट चिकटवलेलं आहे, त्यात दोन २५ जीचे जादा ॲडॅप्टर, एक डॅक आणि पुसायचा पेन.